प्राणिसंग्रहालयात सिंहाच्या काचेत अर्धी जीप का बसवतात? सिंहाला तिचा काही उपयोग असतो का?

परदेशातल्या व्हिडिओत अर्धी जीप काचेच्या अलीकडे आणि अर्धी सिंहाच्या आवारात दिसते. ती नुसती फोटोसाठी का, असं तुम्ही विचारलंय. मी भुसावळचा, ट्रक-ट्रॉलीच्या बॉडीचं काम करतो. माझं मत असं की काम नीट केलं असेल तर ती आधी सिंहाच्या उपयोगाची असते, फोटो नंतर.

सिंहाला उंचवट्यावर बसून चौफेर पाहायला आवडतं. बॉनेट आणि टप म्हणजे त्याला आयती बैठक. ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या वेरिबी प्राणिसंग्रहालयात अशी जीप आहे. माणसं सीटवर बसतात आणि काचेपलीकडे बॉनेटवर सिंह येतो. थंड हवेच्या ठिकाणी काचेजवळच्या बैठकीला खालून ऊब देण्याची सोय करतात, मग जनावर आपणहून तिथे येऊन पसरतं. कोणी हाकत नाही, डिवचत नाही. मला यातलं हेच सर्वांत पटतं. आपल्याकडे लांब झोपलेल्या वाघाला उठवायला लोक शिट्ट्या मारतात, खडे फेकतात. वन्यजीव कायद्याच्या कलम 38-जे नुसार तो गुन्हा आहे, तरी चालूच असतं.

गाडी मात्र भंगारातून आणून तशीच ठेवता येत नाही. इंजिन, बॅटरी, टाकी, वायरिंग सगळं काढायचं, ऑइल-ग्रीसचा थेंबही राहू द्यायचा नाही. सीटचा फोम जनावर फाडून गिळू शकतं, तोही बाहेर. पत्र्याच्या कडा घासून गोल करायच्या, पंजा अडकेल अशा फटी वेल्डिंगने बुजवायच्या, आतून अँगल देऊन बॉडी पक्की करायची. नर सिंहाचं वजन दीडशे किलोच्या वर जातं आणि तो उडी मारून चढतो. मधली काच थरांची, लॅमिनेटेड हवी. तिचा भार गाडीवर नको, भिंतीतल्या चौकटीवर हवा.

आमच्या खानदेशात हे करायचं तर पहिली अडचण उन्हाची. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा उघड्यावरच्या पत्र्यावर हात टेकवत नाही. तिथे जनावर पाऊल तरी ठेवेल का? वर दाट सावली आणि बॉनेटखालून गार पाण्याचा पाइप फिरवला तरच उन्हाळ्यात तो पत्रा बसण्याजोगा होईल.

आणि आफ्रिकेतल्या सफारीची आठवण देणारी जीप इथे कशाला? लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने 2016 मध्ये आशियाई सिंहांसाठी नवं दालन उघडलं, त्यात सासण गीरचं रेल्वे स्टेशन उभं केलं, कारण ते सिंह गीरचे. त्याच न्यायाने आमच्याकडे बिबट्या हवा आणि केळी वाहणारी ट्रॅक्टरची ट्रॉली हवी. रावेर-यावलच्या केळीत, चाळीसगावकडच्या उसात बिबट्या खरोखर वावरतो. जखमी होऊन सापडलेला, परत जंगलात सोडता न येणारा बिबट्या अशा ट्रॉलीवर बसलेला दिसला, तर शेतकऱ्याच्या पोराला तो कुठे आणि कसा राहतो हे फलक न वाचता कळेल.

मात्र केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मंजुरी लागेल, आणि ट्रॉलीमागे बिबट्याला लपायला झाडी ठेवावीच लागेल. एखाद्या दिवशी तो ट्रॉलीवर आलाच नाही, तर त्याला मांसाचं आमिष दाखवून पुढे आणायचं नाही. लोकांनी त्या दिवशी रिकामी ट्रॉली बघून जावं.