लायसन रिन्यू का केलंस?

ताई, नमस्कार.

माझं वय 42. डिचोली तालुक्यातल्या एका गावात राहते. लग्नाआधी गाणं शिकत होते, गांधर्वच्या मध्यमा पूर्णपर्यंत परीक्षा दिल्या. नंतर लग्न, संसार, सासूबाईंचं आजारपण. मुलगा आता फर्मागुडीला इंजिनिअरिंगला आहे, हॉस्टेलवर राहतो.

शेजारच्या गावात बायकांचं भजनी मंडळ आहे. त्यांना शिकवणाऱ्या बाई मुलीकडे पुण्याला गेल्या, त्या आता काही परत येत नाहीत. मंडळाच्या बायका माझ्या मागे लागल्यात की बुधवारी आणि शनिवारी चार ते सहा येऊन आम्हांला शिकव. कला अकादमीच्या भजन स्पर्धेत महिला गटात उतरायची त्यांची इच्छा आहे. मी दोनदा नाही म्हटलं. मनात सारखं येतं, मला काय येतंय? विशारद झालेल्या मुली आजूबाजूला आहेत. रियाज सुटल्यामुळे आवाज बसलाय. ज्या गोव्यात केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकरांसारख्या गायिका झाल्या तिथे मी कोण लागून गेले?

घरून विरोध अजिबात नाही. हे तर इतके चांगले आहेत की मला कुठेही जायचं असलं तर दुकान बंद करून सोडतात, कार्यक्रम संपेपर्यंत बाहेर गाडीत थांबतात आणि घेऊन येतात. दोष माझ्याच मनाचा आहे. एका पुस्तकात वाचून महिनाभर आरशासमोर 'मी समर्थ आहे' असं म्हणून पाहिलं, काही फरक पडला नाही.

हे पत्र आधीच पाठवणार होते, पण मध्ये लायसन रिन्यू करायची धावपळ झाली. (माहेरी असताना काढलेलं. आता काही चालवत नाही. मुलाची स्कूटर दारात असते, पण हे म्हणतात, खाणीचे ट्रक धावतात, कशाला जिवाशी खेळ.)

हा न्यूनगंड कसा घालवू?

— एक वाचक

बाय,

एकेरीत लिहिते. वयाने बरीच मोठी आहे मी तुझ्याहून, आणि आज जरा रागावूनच लिहिणार आहे.

मला काय येतंय, आवाज बसलाय, मी कोण लागून गेले, अशा ओळी माझ्याकडे इतक्या येतात की डोळे त्यांवरून सरकतात. तुझ्या कंसापाशी मात्र मी थांबले. परत मागे गेले, पुन्हा वाचलं. लायसन रिन्यू केलंस? कशाला?

मी हिशोब मांडला. माहेरी असताना काढलं, म्हणजे बाविसाव्या वर्षी असावं. तेव्हाच्या नियमाने लायसन वीस वर्षांचं मिळायचं, म्हणून आता संपलं. चाळिशीनंतर रिन्यू करायचं तर डॉक्टरचा दाखला लागतो. म्हणजे तू डॉक्टरकडे गेलीस, डोळे तपासून घेतलेस, ऑनलाइन अर्ज भरलास, फी भरलीस, आरटीओच्या खेपा केल्यास. 'धावपळ' हा शब्द तुझाच आहे. मुदत संपून वर्ष उलटलं असतं तर पुन्हा चाचणी देऊन पास व्हावं लागलं असतं. ती वेळही तू येऊ दिली नाहीस. आता आणखी दहा वर्षांचं लायसन तुझ्या पर्समध्ये आहे, बावन्नाव्या वर्षापर्यंतचं.

आपल्याच्याने काही होणार नाही याची जिला खात्री पटलेली असते, ती बाई हे करत नाही. ती लायसन संपू देते, एखाद्या दिवशी कपाट आवरताना ते सापडतं आणि ती ते केराच्या डब्यात टाकते. तू ते जिवंत ठेवलंस. कशासाठी ठेवलंस हे तू मला लिहिलं नाहीस, बहुधा स्वतःलाही सांगितलं नसशील. पण अख्ख्या पत्रात मला तुझी खरी ओळख तिथे झाली.

आता तुझ्या नवऱ्याबद्दल. दुकान बंद करतात, सोडतात, बाहेर थांबतात, हे तू कौतुकाने लिहिलं आहेस. मला कौतुक वाटलं नाही. बुधवार आणि शनिवार, चार ते सहा. म्हणजे साडेतीनला दुकानाचं शटर खाली आणि साडेसहाला वर, आठवड्यातून दोन दिवस. तू हा हिशोब केला नाहीस असं मला सांगू नकोस. दुकानदाराच्या घरात इतकी वर्षं काढलेली बाई असले हिशोब झोपेतही करते. त्या बायकांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हाच तुझ्या डोळ्यांपुढे ते ओढलेलं शटर आलं असणार. देवळाबाहेर गाडीची काच खाली करून, घड्याळाकडे बघत बसलेले तुझे 'हे' दिसले असणार. मग तोंडातून 'नाही' गेलं. कारण देताना मात्र तू आवाजाचं दिलंस, परीक्षेचं दिलंस, आणि तेवढ्याने भागेना म्हणून थेट केसरबाईंना मध्ये आणलंस.

माझं म्हणणं एवढंच आहे. तुला शिकवता येत नाही असं तुला वाटतं, कारण तुला तिथवर जाताच येत नाही. दुसऱ्याचा अर्धा दिवस मोडल्याशिवाय जिला कुठे पोचता येत नाही, ती हळूहळू ठरवते की आपलं कुठे पोचण्याजोगं काही कामच नाही. असं ठरवलं की निदान कुणाचा वेळ मागावा लागत नाही. अठरा-वीस वर्षं तू हेच करत आलीस, आणि लोक याला तुझा साधा स्वभाव म्हणत आले.

ट्रकांचं कारण मला पटत नाही. खाणीच्या ट्रकांनी तुमच्या भागात माणसं मारली आहेत, ते मी नाकारत नाही. पण 2012 च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी बंद पडल्या. मध्ये काही काळ चालू झाल्या, आणि 2018 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा बंद पडल्या. डिचोलीची खाण परत सुरू व्हायला 2024 साल उजाडलं. साठवलेल्या मालाची थोडीफार वाहतूक सोडली तर त्या वर्षांत तुमच्या तालुक्यात घरोघरी ट्रक गंजत उभे होते. कर्जाचे हप्ते भरता येईनात म्हणून लोक रडकुंडीला आले होते. रस्ते मोकळे होते. तेव्हा का नाही निघाली स्कूटर? ट्रक थांबले तरी 'कशाला जिवाशी खेळ' थांबलं नाही. काळजीने बोललेलं वाक्य असेल ते, पण त्या काळजीने एक चालवणारी बाई गाडीवरून उतरवली. जिथे पायलटाच्या, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाल्याच्या, मागे बसून आपल्या आया-आज्या बाजार करून आल्या, नर्सबाया रात्रपाळीला स्कूटरने जातात, त्या गोव्यात तू दारातली गाडी पुसत राहिलीस.

आरशासमोरचं ते वाक्य आजपासून बंद कर. त्याने फरक पडला नाही यात तुझा दोष नाही. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोअन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये हेच तपासून पाहिलं होतं. ज्यांना स्वतःबद्दल आधीच कमी वाटतं, त्यांना स्वतःविषयीची चांगली वाक्यं घोकायला लावली तर त्यांना उलट जास्त वाईट वाटलं. ते साहजिक आहे. तू म्हणतेस 'मी समर्थ आहे' आणि आतून लगेच प्रश्न येतो, 'मग शनिवारी तिथे जाणार कशी?' त्याला आरशाकडे उत्तर नाही.

मंडळाच्या बायका 'तुला येतं गं' म्हणाल्या त्यानेही काही झालं नाही, आणि माझ्या या पत्रानेही होणार नाही. अल्बर्ट बँडुरा नावाचे मानसशास्त्रज्ञ अमेरिकेत स्टॅनफर्डला होते, 2021 मध्ये गेले. 'आपल्याला हे जमेल' ही खात्री माणसात कुठून येते यावर त्यांनी जन्मभर काम केलं. दुसऱ्याला करताना बघून ती थोडी येते, कुणी धीर दिला तरी थोडी येते, पण सगळ्यांत पक्की येते ती स्वतः एकदा करून पाहिल्यावर, असं त्यांनी 1977 मध्ये मांडलं. त्याआधी त्यांनी सापाला भयंकर घाबरणाऱ्या लोकांवर काम केलं होतं. खोलीच्या दारातून सुरुवात, मग काचेच्या पेटीजवळ, मग हातमोजा घालून स्पर्श, शेवटी साप मांडीवर. एकेक पायरी, सोबत सांगणारा माणूस. सापाची भीती तर गेलीच. पण त्यातल्या काहींच्या सापाशी काडीचाही संबंध नसलेल्या भीतीही कमी झाल्या. गाण्याबद्दल विचारणाऱ्या बाईला मी स्कूटरचं सांगतेय, ते याच भरवशावर.

तर करायचं ते एवढंच. या आठवड्यात स्कूटरचा विमा आणि पीयूसी चालू आहे का ते बघ, टायरमध्ये हवा भरून घे, ब्रेक दाखवून घे, आपल्या मापाचं हेल्मेट विकत घे. मुलाचं घालू नकोस, ते डोक्यात फिरेल. रविवारी सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजतो त्या वेळी गाडी शाळेच्या मैदानात ने. मुलगा शनिवारी घरी येत असेल तर त्याला बरोबर घे, नाहीतर चालवणारी एखादी शेजारीण घे. नवऱ्याला नेऊ नकोस. मागे धावत येऊन ते हँडल धरतील. आठाचा आकडा काढ, ब्रेक दाब, थांब, पुन्हा निघ. हात थरथरतील, थरथरू देत. दोन-तीन रविवार मैदानातच काढ, मग गावातला रस्ता. हात बसला की एका सकाळी सरळ त्या गावच्या देवळापर्यंत जा. गाडी गडग्याशी लाव, देवाला हात जोड आणि परत ये. कुणाला भेटायचं नाही, गायचं नाही, मंडळाचा विषय काढायचा नाही. फक्त जाऊन यायचं, एकटीने.

नवऱ्याची परवानगी मागू नकोस. त्यांना सांग. 'उद्यापासून मी स्कूटर शिकायला जाते, तुम्ही दुकान उघडा.' ते ट्रकांचं काढतील. तू हो म्हण आणि हेल्मेट घाल. दुखावले तर दुखावू देत. दोन तास गाडीत बसून राहण्याची शिक्षा तूही त्यांची माफ करतेयस.

केसरबाईंना तू मध्ये आणलंस म्हणून त्यांच्याबद्दलही सांगते. केरीला 1892 मध्ये जन्मल्या. तालीम कितीदा सुरू झाली आणि कितीदा तुटली. आज या गुरूकडे, उद्या गुरू गाव सोडून गेला, मग वर्षानुवर्षं काही नाही. अल्लादिया खाँसाहेबांकडे सलग तालीम लागली ती 1921 मध्ये, तिशीच्या तोंडावर. कुर्डीच्या मोगूबाईंची आई लहानपणीच गेली, नाटक कंपनीत दिवस काढत त्या गाण्याकडे आल्या. ही उदाहरणं देऊन तुला चढवायचा माझा विचार नाही, कारण लगेच म्हणशील, 'कुठे त्या आणि कुठे मी.' खरंच आहे. पण तुला मैफल कुणी मागितलेली नाही. पंधरा-वीस बायकांना एका सुरात आणायचंय, त्यांचं नाम, अभंग आणि गवळण ताशीव करायची आहे. प्रारंभिकपासून मध्यमा पूर्णपर्यंत पाच परीक्षा दिलेल्या बाईला ते येतं. अभंगात अर्ध्याजणी वर आणि अर्ध्या खाली गेल्या तर तुला एका ओळीत ऐकू येईल, त्यांना वर्षभर येणार नाही. विशारद झालेल्या मुलींना त्या बायकांनी विचारलेलं नाही. दोनदा तुलाच विचारलंय. तिसऱ्यांदा कदाचित विचारणार नाहीत.

आवाज बसलाय तो रियाजाने उघडेल. सकाळी वीस मिनिटं खर्जात बस, एवढं तुला मी सांगायला नको.

देवळापर्यंत एकटी जाऊन आलीस की त्याच दिवशी मंडळातल्या जिचा नंबर तुझ्याकडे आहे तिला फोन कर आणि बुधवारचं सांग. आधी नको. आधी हो म्हणालीस तर पहिल्या बुधवारी दुकानाचं शटर पुन्हा खाली येईल आणि तिसऱ्या बुधवारी तुझा 'आवाज बसेल'. चारचा वर्ग असेल तर सव्वातीनला घरातून नीघ, पहिल्या दिवशी घाई नको. आणि त्यांची पेटी आधी बघून घे. शिकवणाऱ्या बाई गेल्यापासून ती बंद असणार, आपल्याकडच्या पावसात पट्ट्या फुगून अडकतात, एखादा सूर दाबल्यावर वर येतच नाही. दुरुस्तीला टाकावी लागली तर पहिले दोन वर्ग तंबोऱ्याच्या अ‍ॅपवर घे.