यूकेत दोघांनी मिळून पहिलं घर घेताय? मग आधी हे वाच

अरेतुरे करतोय, सांगलीच्या आपल्याच कॉलेजचा ज्युनियर आहेस म्हटल्यावर अहोजाहो जमणार नाही. तुझा प्रश्न थोडक्यात असा की स्किल्ड वर्कर व्हिसावर पुढच्या वर्षी रेडिंगला येतोयस, बायको सोबत आहे, पिंपरीत तुझ्या नावावर एक वन बीएचके आहे, आईबाबा थोडे पैसे देतायत, तर भाडं भरत बसण्यापेक्षा आल्या आल्या घर घेऊन टाकावं का. आणि शेवटी हळूच एक ओळ टाकलीयस की बायको म्हणते एवढा जीव काढू नकोस देवावर सोड, तुला ते पटत नाही, तुम्ही कसं निभावलंत. त्या ओळीचंही उत्तर देतो, कारण आमच्या बाबतीत घर आणि ते वेगळं काढताच येत नाही. पण आधी पैशाचं.

पिंपरीचा फ्लॅट तुला इथे नडणार आहे. इंग्लंडमध्ये स्टॅम्प ड्यूटीत सवलत मिळणारा फर्स्ट टाइम बायर म्हणजे जगात कुठेही, कधीही घर नावावर नसलेला माणूस. वारसाने आलेला वाड्यातला हिस्सा सुद्धा धरतात. आणि दोघं मिळून घेत असाल तर दोघंही फर्स्ट टाइम लागतात, एक असून चालत नाही. वर आणखी, दुसरं घर असेल (तुझा हिस्सा ४० हजार पाउंड किंवा जास्त किमतीचा) तर ५ टक्के जादा स्टॅम्प ड्यूटी, हे ऑक्टोबर २०२४ च्या शेवटापासून. हिशोब सांगतो म्हणजे डोळे उघडतील. ४ लाख पाउंडांचं घर धर. दोघंही पहिल्यांदा घेणारे असतील तर पहिल्या ३ लाखांवर शून्य, वरच्या लाखावर ५ टक्के, म्हणजे ५ हजार. नेहमीच्या दराने १० हजार. आणि पिंपरीचा फ्लॅट ठेवून घेतलंस तर ३० हजार. मी फक्त बायकोच्या नावावर घेतो असं म्हणशील, तर नवराबायको एकत्र राहत असतील तर या जादा ५ टक्क्यांसाठी दोघांना एकच धरतात, तीही पळवाट नाही. त्यामुळे फ्लॅट विकायचा की ठेवायचा हे तिकडे असतानाच ठरव आणि सॉलिसिटरला (घराचे कागद बघणाऱ्या वकिलाला) पहिल्याच मेलमध्ये सांगून टाक.

आल्या आल्या तर घेऊच नकोस. घेण्याआधीच्या १२ महिन्यांत १८३ दिवस यूकेत नसशील तर नॉन रेसिडेंट म्हणून अजून २ टक्के लागतात. शिवाय व्हिसावर असलेल्याला मॉर्गेज (गृहकर्ज) मिळतं पण बऱ्याच बँका जास्त डिपॉझिट मागतात आणि इथली पगाराची, पत्त्याची थोडी हिस्टरी बघतात. एक गोष्ट मात्र पहिल्याच महिन्यात कर, ती म्हणजे मतदार यादीत नाव. भारतीय नागरिक कॉमनवेल्थचे म्हणून इथे मतदान करू शकतात, खूप जणांना हे माहीतच नसतं, आणि यादीत नाव असलं की क्रेडिट स्कोअरलाही मदत होते.

आईबाबांचे पैसे एलआरएसमधून (परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची सोय) येतील, माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत, १० लाख रुपयांच्या वर गेलं की २० टक्के टीसीएस (आगाऊ आयकर) कापतात, तो रिटर्नमध्ये वळता होतो. इथला सॉलिसिटर प्रत्येक पाउंड कुठून आला ते विचारणार. एफडी मोडली तर तिची पावती, बाबांचं स्टेटमेंट, आणि गिफ्ट लेटर की हे पैसे परत मागणार नाही आणि घरात हिस्साही मागणार नाही. माझ्या सासऱ्यांना हे लेटर जरा लागलं होतं, जावई आमच्याकडून लिहून घेतोय म्हणाले. आधीच समजावून ठेव.

आता उशिराचं, कारण खरा छळ तिथे आहे. पुण्यात आपण टोकन देतो, ॲग्रीमेंट रजिस्टर करतो आणि मग पझेशनसाठी बिल्डरच्या नावाने शंख करत बसतो, पण निदान रजिस्टर्ड कागद हातात असतो, महारेरा असतं. इंग्लंडमध्ये ऑफर ॲक्सेप्ट झाली म्हणजे कायद्याने काहीही झालेलं नसतं. एक्स्चेंज होईपर्यंत, म्हणजे दोन्ही बाजूंचे सह्या केलेले करार बदलून साधारण १० टक्के डिपॉझिट जाईपर्यंत, विकणारा कधीही नाही म्हणू शकतो, जास्त पैसे देणारा आला तर तुला सोडून त्याला देऊ शकतो, आणि तूही पळू शकतोस. स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत, तिकडच्या मित्राचं ऐकून इकडे चालू नकोस. या मधल्या काळात तुझा खर्च मात्र चालूच, सर्व्हे (घराच्या अवस्थेची तपासणी), काउन्सिलचे आणि ड्रेनेजचे सर्च (त्या जागेच्या नोंदींची चौकशी), सॉलिसिटर. (बँकेचं व्हॅल्युएशन म्हणजे सर्व्हे नव्हे, ते बँकेसाठी असतं, स्वतःचा सर्व्हे करून घेच.) आणि त्यात चेन. तुझा विकणारा दुसऱ्याचं घर घेतोय, तो दुसरा तिसऱ्याचं, आणि सगळ्यांची कंप्लीशन (उरलेले पैसे देऊन किल्ली घेणं) एकाच दिवशी व्हायला लागते. एकाचा कागद अडला की सगळे अडले.

फ्लॅट घेतलास तर लीजहोल्डचं (ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्यावरच्या मालकीचं) प्रकरण वेगळं, सर्व्हिस चार्ज आणि लीजची उरलेली वर्षं बघ, मॅनेजमेंट कंपनीचे कागद यायलाच ऋतू बदलतो. आम्ही त्या वाटेला गेलो नाही.

आमचं असं झालं. लोअर अर्लीत एक थ्री बेड सेमी डिटॅच्ड बघितलं (पत्ता रेडिंगचा पण काउन्सिल वोकिंगहॅमची, कौन्सिल टॅक्स बघताना लक्षात ठेव), २०२२ च्या आषाढीच्या आठवड्यात ऑफर ॲक्सेप्ट झाली, ऑगस्टमध्ये मॉर्गेज ऑफर आली, दर चांगला लॉक झाला, हिने पडद्यांची मापं पण घेतली. मग २३ सप्टेंबरला इथल्या सरकारचं ते करकपातीचं मिनी बजेट आलं आणि काही दिवसांत बँकांनी शेकडो मॉर्गेज बाजारातून काढून घेतली, ऑक्टोबरमध्ये दोन वर्षांचा फिक्स दर सरासरी साडेसहा टक्क्यांच्या वर गेला. आम्ही खूश होतो की आपला दर आधीच लॉक आहे. आणि त्याच ऑक्टोबरात चेनच्या वरच्या टोकाला कोणीतरी माघार घेतली, ज्याचं तोंड आम्ही कधी बघितलं नाही, आणि सगळं कोसळलं. मॉर्गेज ऑफर त्या एका घरावर असते, घर गेलं की तीही गेली. सर्व्हेचे सर्चचे पैसे पाण्यात.

आता हे सगळं चालू असताना घरात काय चालू होतं. हिचं माहेर मंगळवेढ्याचं, आजोबांपासून गळ्यात माळ, पंढरपूर हाकेवर. माझ्या घरी गणपतीचे पाच दिवस सोडले तर देवाशी फार येणंजाणं नव्हतं. आषाढीला हिने चातुर्मासाचा नेम धरला, रोज संध्याकाळी हरिपाठ. मी चेष्टेत म्हणालो त्यापेक्षा सरळ घरासाठी नवस बोल की, तर म्हणाली विठोबा काय इस्टेट एजंट आहे का, मी घर मिळावं म्हणून करत नाहीये, घर मिळेपर्यंत माझं डोकं ठिकाणावर राहावं म्हणून करतेय. आणि माझंही डोकं ठिकाणावर राहावं म्हणून असेल, कारण मी सॉलिसिटरच्या पोर्टलवर दिवसभर रिफ्रेश मारत बसायचो, एखाद्या ओळीपुढची करडी खूण हिरवी झाली का बघत. ही हरिपाठाला बसली की दोघांचे फोन पोळ्यांच्या डब्यात टाकून झाकण लावायची. भाड्याच्या फ्लॅटच्या भिंती पुठ्ठ्याच्या, त्यामुळे टाळ नाही, हळू टाळ्या. मी नुसता सोफ्यावर बसून असायचो, दुसरं करणार काय, फोन डब्यात.

चेन तुटल्याचा एजंटचा फोन आला त्या संध्याकाळी मला वाटलं आज ही बसणार नाही, आज तरी देवावर चिडेल. बसली. नेहमीसारखं सुरू केलं, मध्येच कुठेतरी गळा दाटला आणि थांबली, आणि पुढची ओळ माझ्या तोंडून आली. पुस्तक हिच्या मांडीवर होतं. मला पाठ झालंय हे मलाच माहीत नव्हतं. शेवटपर्यंत मीच म्हटलं, चाल चुकली असेल, हिने काही सुधारलं नाही.

कार्तिकीला नेम संपला. घर नव्हतं, दर चढलेले होते, भाडं वाढवायचं लेटर येऊन पडलं होतं. ही म्हणाली झालं आता, मी म्हणालो चालू ठेवू.

तू विचारशील मग देव मानतोस का. हो, मानतो. घर मिळालं म्हणून नाही, नेम चालू असताना तर घर गेलं, त्या हिशोबाने उलटंच व्हायला पाहिजे होतं. काय झालं ते सांगायचा प्रयत्न करतो. उशीर असा असतो की तुझं सगळं करून झालेलं असतं, कागद गेलेले, पैसे तयार, आणि तरी काही हलत नाही, आणि माणूस तो रिकामा वेळ एकमेकांवर काढतो. आमची त्या उन्हाळ्यात भांडणं कशावरून व्हायची, तर तू मेल का केला नाहीस, तुझ्या वडिलांनी स्टेटमेंट उशिरा दिलं, तुलाच हे घर हवं होतं. संध्याकाळचा तो अर्धा तास आला आणि मला पहिल्यांदा जाणवलं की माझ्या हातात काही नसतानाही मी वाऱ्यावर पडलेलो नाही, कोणीतरी आहे. कोण ते नीट सांगता येणार नाही, मी विठ्ठल म्हणतो. मंगळवेढ्याच्या आजींचा रविवारी फोन यायचा, त्यांनी एकदाही घराचं काय झालं विचारलं नाही, नेम चालू आहे ना एवढंच. आधी मला ते विचित्र वाटायचं, नंतर आठवड्यात तेवढा एकच फोन बरा वाटायचा.

आणि देवावर सोडणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं असा अर्थ तू काढत असशील तर आमच्या हिला सॉलिसिटरशी बोलताना ऐक. हरिपाठ करणारी हीच बाई दर मंगळवारी फोन करून बारीक आवाजात असं काही झापायची की दुपारपर्यंत मेल यायचा. आम्ही कामं वाटून घेतली होती, सॉलिसिटर तिच्याकडे, ब्रोकर आणि बँक माझ्याकडे, आणि दुसऱ्याने मध्ये नाक खुपसायचं नाही. हे जरूर करा, अर्धी भांडणं तिथेच मिटतात. ब्रोकर आम्हाला लंडन महाराष्ट्र मंडळात ओळख झालेल्या एका काकांनी सुचवला, डॉलिस हिलला १९३२ पासूनचं मंडळ आहे, गणपतीत जा, लाडवासोबत असली माहिती फुकट मिळते.

दुसरं घर २०२३ च्या सुरुवातीला मिळालं, त्याच भागात. चेन नव्हती म्हणून उड्या मारल्या, तर कळलं मालकीणबाई वारलेल्या, मुलांना प्रोबेट (वारसांना मालमत्ता विकायची कायदेशीर परवानगी) मिळायचंय, आणि ते हातात आल्याशिवाय करार होणार नाही. प्रोबेटला तेव्हा सगळीकडेच महिनोन्महिने लागत होते. दर पहिल्यापेक्षा बराच जास्त पडला, मात्र त्याच मिनी बजेटने स्टॅम्प ड्यूटीची सवलत वाढवली होती, ती आम्हाला मिळाली (एप्रिल २०२५ पासून ती वाढ गेली, वर दिलेले आकडे आत्ताचे आहेत). आमची मॉर्गेज ऑफर संपत आली आणि नेमकी तेव्हा कंप्लीशनची तारीख आली ती पितृपक्षातल्या शुक्रवारची. माझी आई फोनवर गप्पच झाली. मुहूर्त बघून तारीख मिळत नाही इथे, चेन असेल तर पाच घरांचे टेम्पो एकाच दिवशी निघायचे असतात, हे घरी आत्तापासून सांगून ठेव. शेवटी मंगळवेढ्याच्या आजीच आईला म्हणाल्या, पितृपक्षात मिळालं म्हणजे पितरांनीच दिलं, घ्या. वास्तुशांत नंतर नवरात्रात केली, स्मोक अलार्मला शॉवर कॅप घालून. पूजा आटपल्यावर ती आठवणीने काढ.

राहिलेलं पटापट. दोघांच्या नावावर घेताना सॉलिसिटर विचारेल जॉइंट टेनंट्स की टेनंट्स इन कॉमन, पहिल्यात एक गेला तर घर आपोआप दुसऱ्याचं, दुसऱ्यात हिस्से ठरवता येतात आणि मृत्युपत्रात देता येतात. कर्ज मात्र कुठल्याही प्रकारात दोघांवर पूर्णच्या पूर्ण. बिल्डिंग इन्शुरन्स एक्स्चेंजच्या दिवसापासून चालू कर, किल्ली मिळायची वाट बघू नकोस. किल्ली मिळाली की आधी गॅस आणि विजेच्या मीटरचे फोटो. आणि बायकोला विचार तिच्या नावावर माहेरी काही घर, हिस्सा, काही आहे का. नसेल आणि वय ४० च्या आत असेल तर इथे आल्यावर तिच्या नावाने लाइफटाइम आयसा हे बचत खातं उघडता येईल, वर्षाला ४ हजार टाकले की सरकार हजार घालतं, तुझा फ्लॅट असला तरी तिचं ते चालतं, फक्त खातं वर्षभर जुनं हवं आणि घर साडेचार लाखांच्या आतलं. तिचं काय ते कळव, मग पुढचं सांगतो.