ऑर्केस्ट्राचा कंडक्टर नेमकं करतो काय? मुंबईत राहून कंडक्टर होता येतं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. वादकांसमोर नोटेशन असताना काठी हलवणारा माणूस कशाला, आणि पियानो शिकणाऱ्या तुमच्या मुलीला बारावीनंतर मुंबईतच राहून या वाटेने जाता येईल का. मी व्हायोलिन वाजवतो, बहुतेक वेळा सेकंड व्हायोलिनच्या मागच्या रांगेत. प्रेक्षकांना कंडक्टरची पाठ दिसते, आम्हाला तोंड.

माझ्या स्टँडवर फक्त माझ्या भागाचा कागद असतो. हॉर्नवाला काय वाजवणार आहे, ते त्यात नसतं. सगळ्यांचं एकाखाली एक लिहिलेला स्कोअर एकट्या कंडक्टरपुढे. बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीची सुरुवात बघा. ते चार स्वर सगळ्यांना ठाऊक असतात, पण त्यांच्याआधी एक छोटा विराम लिहिलेला आहे. म्हणजे काठी खाली येते तेव्हा आवाज होतच नाही, आणि त्या शांततेवरून सगळ्यांनी एकदम उडी घ्यायची. त्यातला चौथा स्वर किती धरायचा? कागदावर नुसती लांबवायची खूण आहे, आकडा नाही. ते कंडक्टरने ठरवायचं. आपल्या मैफलीत हे लागत नाही, कारण आवर्तन सगळ्यांच्या डोक्यात फिरत असतं आणि चार-पाच जण नजरेने समेवर येतात. सत्तर-ऐंशी जणांत नजरेवर भागत नाही.

तरी हे झालं दिसणारं काम. कंडक्टर जोखायचा तो तालमीत. सुमार असेल तो थांबवतो आणि नुसतं "पुन्हा" म्हणतो. चांगला असेल तो व्हायोलावाल्यांना (व्हायोलिनचाच थोडा मोठा भाऊ) सांगतो की इथे ओबो हे फुंकवाद्य ऐकू आलं पाहिजे, कमी करा. सेकंड व्हायोलिन, बोच्या (गजाच्या) टोकाने वाजवा. तेवढ्यावर अख्खा परिच्छेद उजळतो.

मुंबईत वाढलेले जगप्रसिद्ध कंडक्टर झुबिन मेहता यांना हे फार लवकर उमगलं असावं. मेडिकलचा नाद सोडून ते १९५४ साली व्हिएन्नाला हान्स स्वारोव्स्कींकडे कंडक्टिंग शिकायला गेले. तिथे मोठ्या कंडक्टरांच्या तालमींना बाहेरच्यांना प्रवेश नव्हता. मग ते आणि त्यांचे सहाध्यायी क्लाउडिओ अब्बाडो सरळ कोरसमध्ये भरती झाले, गाता गाता हर्बर्ट फॉन कारायानसारख्या बड्या कंडक्टरला बघता यावं म्हणून! १९५८ साली लिव्हरपूलची कंडक्टरांची स्पर्धा जिंकली. तिशीच्या आत मॉन्ट्रियल आणि लॉस एंजेलिस, दोन्हीकडचे ऑर्केस्ट्रा हातात. पुढे १९७८ ते १९९१ न्यूयॉर्क, आणि इस्रायल फिलहार्मोनिक तर थेट २०१९ पर्यंत. पण लोक विसरतात ती गोष्ट अशी की मुंबईत त्यांच्या वडिलांनी, मेहली मेहतांनी, बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. सोळाव्या वर्षी झुबिन त्याच्या तालमी घेत होते. व्हायोलिन विकत आणून घरी घासता येतं, ऑर्केस्ट्रा कुठून आणणार?

मुंबईतली अडचण नेमकी इथेच आहे. व्यावसायिक म्हणावा असा २००६ साली सुरू झालेला एनसीपीएचा (नरिमन पॉइंटची कलासंस्था) सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. त्याचे ठरावीक सीझन असतात आणि बरेच वादक परदेशातून येतात. नवख्याच्या हाती तो कोणी देणार नाही, आणि देऊही नये. सिनेमात एकेकाळी सबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गोव्याचे अरेंजर मोठा वाद्यवृंद समोर बसवून गाणी बसवत. आता आम्ही कानाला हेडफोन लावून क्लिकवर, म्हणजे लय दाखवणाऱ्या यांत्रिक टिकटिकीवर वाजवतो, तेही बऱ्याचदा नुसते स्ट्रिंग्ज वेगळे. क्लिकला कंडक्टर लागत नाही.

त्यामुळे पदवी बाहेरच करावी लागेल असं माझं मत. तोवर मुंबईत पुष्कळ होण्यासारखं आहे. पियानो सोडू नये, जोडीला ऑर्केस्ट्रातलं एक वाद्य धरावं (झुबिन व्हिएन्नात डबल बास वाजवत), आणि एखाद्या कॉयरमध्ये (समूहगायनाच्या गटात) गावं. पुढे आठ-दहा गाणारे मित्र जमवून त्यांनाच कंडक्ट करावं. माणसांना एकत्र श्वास घ्यायला लावणं तिथे फुकटात शिकता येतं. एनसीपीएच्या ऑर्केस्ट्राचा सीझन असेल तेव्हा शक्य तर तालमी बघायची परवानगी मागा.

मुलगी असल्यामुळे जमेल का अशीही शंका तुम्ही काढली आहे, तर मॅरिन ऑलसॉप २००७ पासून अमेरिकेतल्या बाल्टिमोर सिंफनीची म्युझिक डायरेक्टर, म्हणजे मुख्य कंडक्टर, होती. अमेरिकेतल्या मोठ्या ऑर्केस्ट्रावर बाई नेमली जायला तेवढा काळ लागला हे खरं, पण तुमच्या मुलीच्या वाटेतली मोठी धोंड ती नाही. प्रवेशपरीक्षेत पियानो, कान आणि स्कोअरवाचन तपासून झालं की वादकांसमोर उभं करतात. त्याआधी तिने माणसांपुढे काठी उचललेली असली पाहिजे.