वडिलांना पाणी पिताना ठसका लागतो, घट्ट घास मात्र नीट उतरतो. कारण काय असेल?

अडचण बहुधा घशाच्या पातळीवर, म्हणजे गिळणं चालवणाऱ्या नसा-स्नायूंत असावी. पक्षाघात किंवा पार्किन्सनमध्ये असं होतं. पाणी झपकन घशात उतरतं आणि श्वासनलिकेचं तोंड वेळेत मिटलं नाही तर तिच्यातच शिरतं. अन्ननलिका अरुंद झाली असती, तर उलट आधी घट्ट घास छातीत अडकला असता. पाणी प्यायल्यावर त्यांना लगेच बोलायला लावा: आवाज ओला, घरघरता आला तर स्वरयंत्राशी पाणी साचलंय. ही खूण घरात सहसा कुणी टिपत नाही. मात्र ठसका थांबला म्हणून निर्धास्त होऊ नका. घशाची संवेदना कमी झाली की पाणी खोकल्याविनाच फुफ्फुसात जातं आणि न्यूमोनिया होऊ शकतो. कान-नाक-घसा तज्ज्ञांना लवकर दाखवा. त्रास अचानक सुरू झाला असेल, जीभ अडखळत असेल, तर तडक रुग्णालय गाठा.