सोलापुरात बीएस्सी फर्स्ट इयरला आहे, आर्मीत जायचंय. एनसीसी घेऊ की एनएसएस?

आर्मीच करायची असेल तर डोळे झाकून एनसीसी घे, आणि आत्ताच घे, कारण सी सर्टिफिकेट, म्हणजे एनसीसीचं सगळ्यात वरचं प्रमाणपत्र, तिसऱ्या वर्षी मिळतं, उशीर केलास तर डिग्री संपते अन् ते राहून जातं. मी स्वतः सी काढलंय म्हणून सांगतो, सीला किमान बी ग्रेड आणि पदवीला ५० टक्के असले की ऑफिसर व्हायला एनसीसी स्पेशल एंट्रीतून लेखी परीक्षा नाही, अर्ज शॉर्टलिस्ट झाला की थेट एसएसबी, म्हणजे ऑफिसर निवडीच्या चाचण्या अन् मुलाखत. पण एसएसबीत सूट नाही बरं का, तिथं भलेभले गळतात. परेडला ७५ टक्के हजेरी लागते, सोलापूरच्या उन्हात बूट-बेरेट घालून उभं राहायची तयारी ठेव. एनएसएसही चांगलंच, दोन वर्षांत २४० तास अन् गावात सात दिवसांचं शिबिर, पण ही एंट्री त्यातून मिळत नाही.