पत्र्याच्या घरात, चाकाच्या खुर्चीवर

प्रश्न : वय ३४. परांचीवरून पडून मणका मोडला, छातीखाली संवेदना नाही. कागदावर ‘टी-४’ (म्हणजे छातीमागचा चौथा मणका) लिहिलंय. टाळेबंदीमुळे फिजिओथेरपी बंद. आई म्हणते, पडून राहा. काय करू? – एक वाचक, विडी घरकुल, सोलापूर (मे २०२०)

उत्तर : आईंना नमस्कार, पण पडून राहू नका. खुर्चीचे ब्रेक लावा, सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजाला अडकवा आणि दोन्ही हातांनी छातीकडे ओढा. दहा वेळा, मग विश्रांती, असं तीनदा. आठवड्यातून दोन दिवस. ओढण्यावर माझा भर, कारण चाकं ढकलून खांदे पुढूनच दमतात. शिवाय आठवड्यातून दोनदा २० मिनिटं हवेत ठोसे मारा. बोलता यावं, गाता येऊ नये इतपत दम लागू द्या. (शेजारी हसतील, हसू द्या.)

मला खरी काळजी उन्हाची आहे. दुखापतीच्या खाली घाम नीट येत नाही, त्यामुळे अंग तापतं. आपल्याकडे पारा चाळिशीपार, त्यात डोक्यावर पत्रा! व्यायाम सकाळी सातच्या आत, मानेवर ओला पंचा ठेवून. लघवीच्या नळीचा वैताग म्हणून पाणी तोडू नका.

अचानक डोकं ठणकलं, चेहरा लाल झाला तर ताठ बसा, कपडे सैल करा, नळी मुडपली आहे का बघा. लगेच उतरलं नाही तर टाळेबंदी असो-नसो, थेट दवाखाना. यात रक्तदाब जिवावर बेतण्याइतका चढतो.

बसून बसून कातडीला जखम होऊ नये म्हणून दर अर्ध्या तासाने दोन मिनिटं पुढे वाका. रात्री आईंना तुमच्या बुडाची कातडी बघू द्या. लाली दिसली तर ती जाईपर्यंत तिथे भार नको.