मेलिंग लिस्टसाठी मेलमन, सिम्पा, पीएचपीलिस्ट की लिस्टमंक?

धुळ्याच्या कॉलेजचं माजी विद्यार्थी मंडळ, बाराशे मेंबर, हाताशी एक छोटा सर्व्हर, आणि सगळ्यांना एकत्र मेल पाठवायच्या या चार सॉफ्टवेअरपैकी काय टाकू असं विचारलंय तुम्ही. भाऊ, मी भुसावळचा, आमच्या शाळेच्या मंडळाची लिस्ट नऊ वर्षं मीच सांभाळतोय, कारण पहिल्या मीटिंगला "कॉम्प्युटरचं कोणाला जमतं" असं विचारल्यावर मी हात वर केला आणि तो अजून खाली आलेला नाही.

फीचरचा तक्ता नंतर बघा. आधी हे ठरवा, की मेंबरने रिप्लाय दाबला तर ते मेल कुठे जायला पाहिजे. मेलमन आणि सिम्पा हे गप्पांच्या लिस्टसाठी बनलेत, कोणीही लिहिलं की सगळ्यांना पोचतं. पीएचपीलिस्ट आणि लिस्टमंक एकतर्फी, तुम्ही पाठवायचं आणि लोकांनी वाचायचं. त्यांच्यावर चर्चा घडवायला गेलात तर ते भोंग्याशी गप्पा मारण्यासारखं आहे.

आम्ही मेलमन २ टाकलं होतं. त्यात रिप्लाय लिहिणाऱ्याला जावा की लिस्टला, हे एका सेटिंगवर असतं. मुळात ते लिहिणाऱ्याकडेच असतं, मीच सोयीचं पडेल म्हणून लिस्टकडे वळवलं. आमच्या खजिनदार नानांनी सेक्रेटरीला एकट्याला समजून लिहिलं की एक्क्याऐंशीची बॅच भरीत पार्टीला पोटभर जेवते पण वर्गणीचं नाव काढलं की फोन उचलत नाही. गेलं सातशे जणांना. त्यावर एक्क्याऐंशीवाल्यांचे रिप्लाय, तेही सातशे जणांना, आणि मधेमधे कोणाचं तरी "मी सुट्टीवर आहे" वालं ऑटोमॅटिक उत्तर. चार दिवस चाललं हे. सेटिंग त्याच रात्री परत बदललं पण नानांचं काय.

मेलमन २ आता घेऊच नका. ते पायथॉन २ या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेवर चालतं आणि त्या भाषेचा सपोर्ट २०२० लाच संपला. शिवाय मराठीचे हाल, आमची लिस्ट इंग्रजी भाषेवर सेट होती तर जुन्या मेलांच्या साठ्यात देवनागरीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. मेलमन ३ मधे ते त्रास नाहीत, पण ते एक सॉफ्टवेअर नसून तीन-चार तुकडे आहेत, मेल फिरवणारा गाभा वेगळा, मेंबर सांभाळायचं पोस्टोरियस वेगळं, जुने मेल दाखवणारं हायपरकिटी वेगळं, खाली डेटाबेस. पहिल्यांदा बसवताना एक अख्खा रविवार गेला माझा. सिम्पा पर्ल भाषेत लिहिलेलं, फ्रान्सच्या विद्यापीठांमधून आलेलं, त्याची खरी मजा अशी की मेंबरांची यादी थेट कॉलेजच्या डेटाबेसमधून ओढता येते. तुमच्याकडे तसा डेटाबेस असेल तरच त्याच्या नादी लागा.

पीएचपीलिस्ट साध्या शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेकांत वाटलेल्या भाड्याच्या सर्व्हरवर, चालतं, पीएचपी आणि मायएसक्यूएल असलं की झालं, आणि तासाला किती मेल सोडायचे ते ठरवता येतं, होस्टिंगवाल्यांच्या लिमिटमुळे ते लागतंच. लिस्टमंक आपल्या झिरोधाच्या कैलाश नाध यांचं, एक फाइल आणि एक पोस्टग्रेस डेटाबेस, संपला विषय. मेंबरपुढे बॅच, गाव अशी माहिती ठेवून "फक्त नंदुरबारवाले" असे गाळून पाठवता येतात, हे मला फार आवडलं.

आता पोचण्याचं. एप्रिल २०१४ मधे याहूने डीमार्क, म्हणजे पाठवणारा खरा आहे का हे तपासायचा नियम, कडक केला, म्हणजे याहूच्या पत्त्यावरचं मेल दुसऱ्याच सर्व्हरवरून आलं तर नाकारा. गप्पांची लिस्ट नेमकं तेच करते ना, मेंबरच्या नावाचं मेल तुमच्या सर्व्हरवरून पाठवते. त्यासाठी मेलमन ३ आणि सिम्पात पाठवणाऱ्याच्या जागी लिस्टचा पत्ता टाकायची सोय आहे, ती चालू करा. एकतर्फी लिस्टला ही भानगडच नाही, पत्ता तुमचाच असतो. आणि फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क, म्हणजे मेल खरंच तुमच्याकडूनच आलंय हे पटवणाऱ्या तिन्ही नोंदी लागतात, वर प्रचारी किंवा लोकांनी नाव नोंदवून मागवलेल्या मेलला एका क्लिकवर नाव काढायची सोय. पाच हजार कुठले आपले, असं वाटेल, पण बाराशे मेंबर गुणिले पाच गप्पा, झाले की सहा हजार! आणि मेंबर बहुतेक जीमेलवालेच.

बाउन्स, म्हणजे न पोचता परत आलेले मेल, बघायला विसरू नका. आमच्याकडे अर्धे रेल्वेवाले, रिटायर झाले की ऑफिसचा पत्ता बंद, आणि अशा मेलेल्या पत्त्यांवर पाठवत राहिलं की तुमच्या सर्व्हरचं नाव खराब होतं. मेलमन असे पत्ते मोजून आपोआप थांबवतं, लिस्टमंकमधे बाउन्सची पेटी आधी जोडून द्यावी लागते.

तुमच्या जागी मी असतो तर सूचनांसाठी लिस्टमंक टाकला असता आणि गप्पांसाठी साधा गूगल ग्रुप. पण मेंबरांची यादी दर महिन्याला उतरवून स्वतःकडे ठेवा, याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मधे बंद झाले तेव्हा असं न करणाऱ्यांची पळापळ झाली होती. सर्व्हर क्लाउडवर असेल तर बऱ्याच ठिकाणी पोर्ट २५, म्हणजे मेल बाहेर सोडायची वाट, बंद असतो, ते आधी विचारून घ्या.

आणि पासवर्ड अजून एकाला तरी देऊन ठेवा. मी डेंग्यूने आडवा होतो तेव्हा गेट-टुगेदरचं मेल गेलंच नाही, आणि ते का नाही आलं हे विचारायला लोकांनी दवाखान्यात मलाच फोन केले. पहिला फोन नानांचा.